पंधरा कळशांची आमटी

सांगवीच्या दगडाबाईंना कुणी ‘आचारी’ म्हटलेलं खपत नाही. आचारी तो, जो सांगावा धाडल्यावर येतो आणि जेवणं उरकली की झारे-पळ्या गोळा करून जातो. आपण भावकीच्या चुलीवरच्या, असं त्या ठसक्यात सांगतात, आणि ते खरंही आहे. वैशाखात नरसिंह जयंतीचा उपास झाला की दुसऱ्या दिवशी त्यांची सगळी भावकी दोन टेम्पो आणि मिळतील तेवढ्या मोटरसायकली घेऊन नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपूरला जाते. देवळाच्या खालच्या अंगाला, झाडांच्या सावलीत चुली मांडायच्या. खपली गव्हाची खीर, भात आणि वाघ्या घेवड्याची आमटी रांधायची. दुपारी बाराला देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग अडीचशे-तीनशे पानं उठवायची. खीर कुणीही करतं, भातही कुणीही करतं. आमटी मात्र गेली पस्तीस-छत्तीस वर्षं दगडाबाईंची.

नाव दगडाबाई पडलं त्याला कारण आहे. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा इंदापूरकडच्या त्यांच्या आईबापांनी ठरवलं की हा दगड तरी टिकू दे. टिकली, आणि चांगलीच टिकली. सतराव्या वर्षी सांगवीला रामहरींच्या घरात आली, ऊस खुरपला, गाईंच्या धारा काढल्या, एक मुलगा वाढवला. पण विचारलं की त्या सांगणार आमटीचंच. सासूनं पहिल्यांदा हातात पळी दिली तो दिवस, एका वर्षी सरपण ओलं निघालं तो दिवस, एका वर्षी साडेचारशे माणूस आलं आणि तरी कढईत तळाला दोन पळ्या उरल्या तो दिवस. ऐकणाऱ्याला पाठ झालंय, तरी त्या सांगतात.

आणि गंमत अशी, की ही आमटी चाखून करायची नसते. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, हे भावकीतल्या लहान पोरालाही ठाऊक. दगडाबाई कढईवर वाकायच्या, वाफेत तोंड धरायच्या आणि सांगून मोकळ्या व्हायच्या, ‘मूठभर मीठ कमी हाय.’ ते कमीच असायचं. मुद्दाम हुंगायचं नाही म्हणतात, पण वाफ आपण होऊन नाकात शिरली तर त्याला कोण काय करणार? देवालाही ही पळवाट मान्य असावी, कारण इतकी वर्षं त्यानं तक्रार केलेली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. सगळ्यांचा वास गेला, सगळ्यांची चव गेली, आणि महिन्याभरात ज्याची त्याची परत आली. दगडाबाईंची आली नाही. गूळ आणि पेंड यांत फरक कळेना. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. ज्या बाईचं नाव नाकावर चाललंय, तिनं नाक गेल्याचं सांगायचं कुणाला? घरच्या स्वयंपाकाला नवऱ्याला विचारावं, तर रामहरीआबांचं उत्तर ठरलेलं: ‘झ्याक.’ खारट असो, अळणी असो, करपलेलं असो, झ्याक. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसानं दुसरा शब्द वापरला नाही. एरवी सोन्यासारखा माणूस, पण चवीच्या कामी शून्य.

मग दगडाबाईंनी सगळं मापावर आणलं. घेवडा इतका, काळं तिखट इतकं, मीठ अकरा मुठी, गूळ दोन ढेकळं. कांदा-लसूण नैवेद्याला चालतच नाही, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. माप चुकलं नाही तर चव चुकत नाही, या हिशेबावर संगमावरच्या पंगती परत सुरू झाल्यावर पहिलं वर्ष निभावलं. गेल्या वर्षी मात्र आमटी तळाला लागली. करपल्याचा वास सुटला तरी दगडाबाई शेजारीच बसून शांतपणे विड्याचं पान लावत होत्या. लोक भावकीतले, कुणी तोंडावर बोललं नाही. पण यंदा जयंती जवळ आली तेव्हा दादासाहेबांनी, म्हणजे रामहरीआबांच्या धाकट्या चुलतभावानं, बारामतीच्या एका केटररचं कार्ड आणून खिशात ठेवलं. ‘वैनी, आता तुमाला बी जड जातंय. ह्या वर्साचं बगू, न्हायतर पुढल्या वर्सापासनं बुफे करू,’ असं ते गोडीत म्हणाले. बुफे! संगमावर, देवाच्या दारी, ताट हातात धरून रांगेत उभं राहायचं! दगडाबाईंना त्या रात्री भाकर गिळवली नाही. पंगत गेली की चूल गेली, आणि चूल गेली की त्या भावकीच्या सहलीला आलेल्या इतर म्हाताऱ्यांसारखीच एक म्हातारी होऊन उरणार होत्या. या वर्षी आमटी बिघडून चालणार नव्हती.

सून सुप्रियानं एक दिवस रजा टाकली होती. ती बारामती एमआयडीसीत एका दूध डेअरीत कामाला आहे. रोज पहाटे स्कूटीवर जाते. दुधाचे कॅन आले की झाकण उघडायचं, नाकाशी न्यायचं आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं, हे तिचं काम. आंबूस, शेणट, औषध दिलेल्या गाईचं, सगळं तिला एका हुंगण्यात कळतं. दगडाबाईंना या नोकरीचं कधी कौतुक वाटलं नाही. ‘दूध हुंगायला बी पगार द्यात्यात व्हय?’ असं त्यांनी शेजारणीला विचारलेलं सुप्रियानं ऐकलं होतं. चुलीजवळ त्यांनी सुनेला घेवडा निवडण्यापलीकडे येऊ दिलं नव्हतं.

सकाळी साडेनऊला कढई उकळीला लागली. घेवडा मऊ शिजला होता, तिखट पडलं होतं, मीठ अकरा मुठी मोजून झालं होतं. आता राहिल्या पाच कळशा. या भावकीची रीत अशी, की आमटीतलं शेवटचं पाणी पाच सवाष्णींनी संगमावरून आणायचं आणि एकेकीनं एकेक छोटी कळशी कढईत ओतायची. दगडाबाईंनी तेवढी जागा ठेवून आमटी घट्ट धरली होती. ‘पानी आलं की वता,’ असं सांगून त्या नैवेद्याची वेळ पक्की करायला देवळात गेल्या. जरा दर्शन घेतलं, जरा ओळखीची माणसं भेटली, आणि व्हायचं ते त्या अर्ध्या-पाऊण तासात झालं.

दादासाहेबांची मुलगी निकिता मोबाइल घेऊन उभी होती. तिला रील करायचं होतं. पाच सवाष्णी डोईवर कळशा घेऊन आल्या, सगळ्यांत पुढं पंचाहत्तर वर्षांच्या तानूबाई. पाण्याची धार कढईत पडली, वाफ उठली, छान झालं. पण निकितानं बघितलं तर मोबाइल उभा धरायच्या ऐवजी आडवा धरलेला. ‘काकी, परत एकदा!’ आता नुसतं नाटक करायचं तर रिकामी कळशी उपडी करून चाललं असतं. पण देवाच्या कढईवर रिकामी कळशी उपडी करणं म्हणजे काय? असला अपशकुन कोण करणार? पाचही जणी निमूट संगमावर गेल्या आणि भरलेल्या कळशा घेऊन आल्या. दुसऱ्या वेळी तानूबाईंचा पदर घसरला आणि खुद्द तानूबाईच म्हणाल्या, ‘असलं मोबायलवर घालू नगं बाई, माज्या म्हायेरची मानसं बगतील.’ परत गेल्या, परत भरून आणल्या. तिसऱ्या वेळी रील उत्तम झालं. पाच कळशांच्या जागी पंधरा कळशा कढईत गेल्या होत्या.

दगडाबाई परत आल्या आणि त्यांनी लांबूनच ओळखलं. नाक गेलं असलं तरी कान शाबूत होते. त्यांची आमटी नीट असली की जड आवाजात गदगदते, एक बुडबुडा फुटतो, मग जरा दम खाऊन दुसरा. ही कढई ओढ्यासारखी खळखळत होती. त्यांनी पळी घातली, वर उचलली. लाल पाणी भराभर ओघळून गेलं आणि पळीत घेवड्याचे चार दाणे उघडे राहिले.

‘किती वतलं गं?’ त्यांनी विचारलं. निकितानं रडवेल्या तोंडानं मोबाइल पुढं केला. रील बघून दगडाबाईंनी कपाळाला हात लावला.

पाणी काढून टाकावं तर देवाच्या नावानं ओतलेलं पाणी फेकता येत नाही. आटवावं तर नैवेद्याला दोन तास आणि सरपण बेताचं. कांद्या-खोबऱ्याचं वाटण घालावं तर कांदा वर्ज्य आणि खोबरं सगळं खिरीत गेलेलं. आणि पातळ वाढावी म्हटलं तर पंगत पत्रावळीवर. पातळ आमटी पत्रावळीवर थांबत नाही, ती शेजाऱ्याच्या मांडीवर जाते. तेवढ्यात सल्ले देणारे गोळा झालेच. एक म्हणाला बेसन घाला, एक म्हणाला बटाटे कुस्करा, एकानं इंदापूरहून कॉर्नफ्लोअर आणायला मोटरसायकलला किक मारलीसुद्धा. रामहरीआबांनी कढईत डोकावून ‘झ्याक दिसतीय’ असं सांगितलं. दादासाहेबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेलेला दगडाबाईंनी बघितला.

‘भाकरीचं पीठ आनलंय का न्हाय?’ त्यांनी विचारलं.

आणलं होतं. म्हाताऱ्या माणसांना नुसता भात सोसत नाही म्हणून तीन-चार किलो बाजरीचं पीठ टेम्पोत होतं. दगडाबाईंनी पीठ मागवलं तशा तानूबाई कळवळल्या, ‘आगं, मग माजी भाकर?’

‘तीनदा कळशी वतलीसा न्हवं आक्का? आता भाकर आमटीतनंच प्या.’

सगळे हसले, तानूबाईसुद्धा, आणि दगडाबाईंनी दुसरी लोखंडी कढई शेजारच्या चुलीवर टाकून पीठ ओतलं. खरी अडचण इथून पुढं होती. पीठ कच्चं राहिलं तर आमटीला चिकट, पिठाळ चव येते. जास्त भाजलं तर कडू. बेसन भाजताना रंग बदललेला दिसतो. बाजरीचं पीठ आधीच राखाडी, त्याचा रंग बघून काही कळत नाही. ते फक्त वासावर कळतं. कच्चं, खमंग आणि करपट यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या मिनिटाचं अंतर. दगडाबाई उलथनं फिरवत होत्या आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. भावकी भोवती उभी, कार्ड खिशात, आणि त्या पिठाकडे बघत बसलेल्या, अगदी आंधळ्यासारख्या.

सुप्रिया येऊन शेजारी उकिडवी बसली. पदरानं चुलीला वारा घातल्यासारखं करत तिनं हळूच सांगितलं, ‘आत्या, तुमी हलवत राव्हा. वास मी बगते.’

दगडाबाईंचा हात थांबला. ‘तुला काय ठावं?’

‘तीन वर्सं झाली ठावं हाय. हलवा, पीठ लागंल.’

दगडाबाईंनी हलवलं. दुसरं करणार काय? पण अंगातून एक मोठा धोंडा निघून खाली पडावा तसं त्यांना झालं. राग यायला हवा होता, तो कुठं दिसेना.

‘आता कच्च्याचा येतोय,’ सुप्रिया पुटपुटत होती, ‘गिरणीत उभं ऱ्हायल्यावानी... अजून तसाच... आता जरा मोकळा झाला... जाळ कमी करा आत्या... आता शेंगा भाजत्यात तसा यायला लागलाय... थांबा... थांबा... आता! उतरवा!’

दगडाबाईंनी कढई उतरवून पीठ परातीत पालथं केलं. पीठ निवल्यावर पाण्यात कालवलं, एकही गुठळी राहू दिली नाही. निकिताला, शिक्षा म्हणून, मोठा डाव देऊन आमटीतला घेवडा कढईच्या कडेला रेटून चेपायला बसवलं. मग दगडाबाईंनी बारीक धारेनं कालवण सोडायला सुरुवात केली आणि सुप्रिया लाकडी उलथन्यानं तळापासून ढवळू लागली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या कढईत दुसऱ्याचा हात फिरत होता. दगडाबाईंना ते आधी खुपलं, मग खुपायचं थांबलं, कारण पोरगी तळ सोडत नव्हती.

‘आता गप ऱ्हावा समद्यांनी,’ दगडाबाई म्हणाल्या. त्या कढईकडे कान लावून बसल्या. खळखळ कमी झाली. मग मधूनमधून जाड बुडबुडा फुटायला लागला. पीठ अजून थोडं शिल्लक होतं. ‘अजून एक तांब्या,’ त्या म्हणाल्या, आणि तो गेल्यावर आमटी ओळखीच्या आवाजात गदगदली, थांबली, परत गदगदली.

‘ऐकलंस का?’ त्यांनी सुनेला विचारलं.

‘ऐकलं. म्हैस पान्ह्याला आल्यावर चरवीत धार पडती तसा जड.’

‘व्हय, तसाच.’ दगडाबाईंना हे आजवर कुणी इतकं बरोबर सांगितलं नव्हतं.

मीठ आणि तिखट पाण्याच्या मापानं वाढवलं. सुप्रिया वाफेत वाकली. ‘मीठ मूठभर कमी हाय,’ ती म्हणाली. दगडाबाईंनी मूठ भरली, आणि तिला विचारायचं भानही राहिलं नाही की कशावरून. नैवेद्य बाराच्या ठोक्याला देवळात गेला.

पंगत बसली. पत्रावळ्यांवर भाताचे ढीग पडले, लोकांनी बोटांनी भातात आळी केली. पहिली वाढ दगडाबाईंनीच घेतली, आणि सरळ दादासाहेबांच्या पानापुढं जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या माना तिकडं. पळीभर आमटी आळ्यात पडली. दादासाहेबांनी सवयीनं मांडी जरा मागं घेतली. आमटी आळ्यात बसली आणि तिथंच राहिली. कड फुटली नाही, ओघळ आला नाही. दादासाहेबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला ते बोटं चाटत होते.

‘वैनी, हिच्यात काय घातलंय?’

‘तानूआक्काची भाकर,’ दगडाबाई म्हणाल्या आणि पुढच्या पानावर गेल्या.

त्या दिवशी माणसांनी आमटी मागून-मागून घेतली. पंधरा कळशांमुळे ती वाढलीही होती, त्यामुळे बाहेरगावचे दर्शनाला आलेले लोकही पंगतीला बसवले. तानूबाई भाकरीवाचून भातावर तीनदा आमटी घेऊन झाडाला टेकल्या होत्या, आणि पुढच्या वर्षीही तीनदाच ओतायचं, असं निकिताला सांगत होत्या. दादासाहेब दातात अडकलेलं घेवड्याचं साल काढायला काडी शोधत होते. काडी मिळेना, तेव्हा खिशातलं ते कार्ड काढून, कोपरा दुमडून त्यांनी काम भागवलं आणि कार्ड चुलीत टाकलं. दगडाबाईंनी ते बघितलं. त्यांना इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

चुलीवरच्या बायका शेवटी जेवतात. साडेतीनला पटांगण रिकामं झालं, तेव्हा सासू-सुना कढईजवळ समोरासमोर बसल्या. दगडाबाईंनी भात कालवला, पण घास उचलला नाही.

‘तीन वर्सं ठावं हुतं, मग बोलली का न्हाईस?’

‘तुमी सांगितलं न्हाय, म्हणून मी इचारलं न्हाय.’ सुप्रिया खाली बघत म्हणाली. ‘एकदा दूध उतू जाऊन करपलं, तुमी तितंच बसला हुता. तवाच कळलं. मग कामावर जाया आधी कालवणाचं मीठ मीच बगून जात हुते.’

‘रोज?’

‘रोज. तुमाला वाटायचं, मोजून घातलं म्हणून बरोबर पडलंय.’

दगडाबाईंना एकदम भरून आलं. हुंगायच्या नोकरीवर आपण काय काय बोललो ते त्यांना आठवलं आणि लाज वाटली. ती लाज त्यांनी लपवली नाही. ‘माजं चुकलं गं पोरी,’ त्या सरळ म्हणाल्या. ‘पुढल्या वर्सी बी रजा टाक. कढईवर दोगी बसू. कान माजा, नाक तुजं.’

मग त्यांनी पहिला घास घेतला. जिभेला ऊन लागलं, मऊ लागलं, बाकी काही नाही, तीन वर्षांसारखंच. त्या चावत राहिल्या आणि सुनेकडे बघत राहिल्या.

‘सांग की,’ त्या म्हणाल्या, ‘कशी झालीय?’

सुप्रियानं घास घेतला, डोळे मिटले. कॅनचं झाकण नाकाशी नेताना मिटते तसेच. ‘आधी तिखट लागतंय,’ ती सावकाश सांगू लागली, ‘पर डोळ्यात पानी येईल असं न्हाय. मग गूळ लागतोय, जिभेच्या कडंला. घेवडा लोन्यावानी. आन् शेवटी, गिळल्यावर, मागनं बाजरी येती. भाजलेली. चुलीवरची भाकर नुकतीच उतरवल्यावानी.’

दगडाबाईंनी डोळे मिटले. घास तोंडात घोळवला, तिखट यायच्या वेळी थांबल्या, गुळाला मान हलवली, घेवडा टाळूला लावला, गिळला आणि बाजरीची वाट बघितली. आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. तीन वर्षांनी त्या जेवल्या, पोटभर, शेवटच्या शितापर्यंत, आणि सुप्रिया प्रत्येक घासाला सांगत राहिली.

आमटीभात संपल्यावर दगडाबाईंनी खिरीची वाटी पुढं ओढली.

‘आता हिचं सांग,’ त्या म्हणाल्या.